गोधडी घरी धुताना: आधी सुई, मग साबण

बहुतेक गोधड्या वापरून फाटत नाहीत, धुताना फाटतात. चुकाही ठरलेल्या. उसवलेला टाका तसाच ठेवून पाण्यात घालायची, मळ सुटू दे म्हणून रात्रभर भिजवायची, जड झाली की एका टोकाला धरून ओढत बाहेर काढायची, दोघांनी मिळून पीळ मारायचा आणि वरून कोरडी लागली की घडी घालून कपाटात. यातली एकही चूक मी सोडलेली नाही. आजीने शिवलेली एक गोधडी मी अशीच रात्रभर बादलीत ठेवली होती. सकाळी बघते तर तिच्या लाल लुगड्याने आजोबांच्या धोतराचा थर गुलाबी केलेला. तो आजही गुलाबीच आहे.

हाताशी एक अख्खा उन्हाचा दिवस आणि मदतीला आणखी एक माणूस नसेल, तर गोधडी आज भिजवू नका.

आधी ओळखा: ही गोधडीच आहे ना?

गोधडी, काही भागांत वाकळ, म्हणजे कापडाचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवलेले. आत सुटा कापूस नसतो. म्हणूनच ती पाण्यात घालता येते.

कापूस भरलेली रजई किंवा दुलई घरी धुऊ नका. भिजलेल्या कापसाच्या गुठळ्या होतात, आतून तो वाळता वाळत नाही आणि मग कुबट वास धरतो. तिची खोळ काढून धुवा, रजईला नुसतं ऊन द्या. कापूस दबला असेल तर पिंजून पुन्हा भरून घ्या. जयपुरी रजई पातळ असली तरी आत कापूसच असतो, तेव्हा लेबलवर धुण्याची सूचना नसेल तर ती ड्रायक्लीनला द्या. फायबर भरलेल्या रजईला मात्र मशीन चालतं.

कळत नसेल तर चिमटीत धरून चोळा. कापड कापडावर सरकलं तर गोधडी. दाबल्यावर फुगून वर आलं तर फायबर. बोटांना गुठळ्या लागल्या तर कापूस.

हल्ली एक चौथा प्रकारही घरोघरी दिसतो: बाहेरून सिंथेटिक साडी आणि आत जुनं ब्लँकेट. ही धुता येते, पण सगळ्यात जास्त फसवते. का, ते वाळवण्याच्या टप्प्यात येईल.

१. दिवस ठरवा, पाणी मोजा

घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची आपल्याकडे रीत आहे. अडचण अशी, की त्या सुमारास पाऊस पुरता गेलेला नसतो. आठ गोधड्या एकदम भिजवल्या आणि दुपारी आभाळ आलं की आठही कुबट. माझं सरळ मत आहे: आभाळ स्वच्छ नसेल तर रोजच्या वापरातल्या एक-दोनच धुवा, बाकीच्या दिवाळीआधीच्या उन्हात. फेब्रुवारी ते मे तर हक्काचे महिने. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबर गोधडीला पाणी लावूच नका. हवेतच इतका ओलावा असतो की आतले थर सुकत नाहीत. अगदीच नड आली तर मोठं ड्रायर असलेली लाँड्री गाठा.

एका गोधडीला भिजवणं, तुडवणं आणि तीन वेळा विसळणं धरून सव्वाशे ते दीडशे लिटर पाणी लागतं. टाकीत तेवढं आहे का, ते आधी बघा. साबण लावून झाल्यावर नळ गेला तर साबण थरांतच वाळतो. दोन गोधड्या धुवायच्या असतील तर पहिलीचं शेवटचं विसळलेलं पाणी दुसरीला भिजवायला घ्या, मात्र पहिली रंग सोडणारी नसेल तरच. नाहीतर त्या पाण्याने गच्ची धुवा.

आदल्या दिवशी जमवून ठेवा: चाळीसेक लिटरचा टब, द्रव डिटर्जंट, पांढरा सुती रुमाल, जाड सुई, सुती दोरा, दोन जुन्या चादरी, आणि दोन-तीन दोऱ्या किंवा एक बाज.

सकाळी आठच्या आत गोधडी पाण्यात पडली पाहिजे. अकरा वाजता सुरुवात केली तर ऊन हातचं जातं.

२. झटका, मग सुई-दोरा घ्या

लोक हाच टप्पा गाळतात आणि गोधडी इथेच वाचते किंवा जाते.

आधी कोरडी गोधडी गच्चीवर दोघांनी चार कोपरे धरून झटका. धूळ आत राहून भिजली की तिचा चिखल होतो आणि तो थरांतून निघत नाही. काठीने बडवायची असेल तर हलक्या हाताने आणि फक्त भक्कम गोधडी.

मग ती उजेडात जमिनीवर पसरा आणि वीतभर वीतभर तळहात फिरवत जा. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, सुटलेला धावदोरा. जिथे बोट दोऱ्याखाली सहज शिरतं तिथे तो सैल झालाय. पाण्यात वजन आलं की थर एकमेकांवरून सरकतात, सगळा ताण या सैल जागेच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांवर येतो आणि वीतभर उसवलेलं हातभर होतं. म्हणून सैल जागेच्या दोन-तीन बोटं अलीकडून सुरुवात करा आणि पलीकडे तेवढंच जाऊन थांबा. टाका सर्व थरांतून खाली गेला पाहिजे. सुई खाली टोचली की गोधडी उलटून दोरा दिसतो का बघा. गाठ वरच्या थराच्या आत ओढून घ्या, ती वर राहिली तर धुताना अडकून तुटते.

दुसरी, विरलेलं कापड. उजेडासमोर धरल्यावर जाळीसारखं दिसतं ते. त्यावर ठिगळ लावा. ठिगळाचं कापड मात्र आधी एकदा धुऊन वाळवलेलं हवं. कोरं कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि भोवतालचं जुनं कापड ओढून फाडतं. ठिगळ विरलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं घ्या. जुन्या कापडाच्या गोधडीला नायलॉनचा दोरा वापरू नका, तो तुटत नाही पण कापड कापतो.

तिसरी, काठ. चारही कोपऱ्यांची पट्टी बघा. ओली गोधडी आपण कोपऱ्यांनाच धरून उचलतो, त्यामुळे तिथे चार-पाच आडवे टाके जास्तीचे घातले तर वाया जात नाहीत.

तपासा: कोपरा एका हातात धरून गोधडी जमिनीपासून उचला. कुठे "टर्र" असा आवाज आला तर ती जागा अजून राहिली आहे. कोरडी असताना आवाज येतोय, तर ओली असताना फाटणारच.

३. रंग सुटतो का ते बघा

एका गोधडीत चार-पाच घरांतल्या साड्या असतात. प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि कुठला पक्का ते सांगायला कोणी उरलेलं नसतं. पांढरा रुमाल पाण्यात भिजवून पिळा, प्रत्येक गडद तुकड्यावर दाबून धरा आणि शंभर आकडे मोजा. मग त्याच जागी डिटर्जंटच्या पाण्याचा थेंब टाकून पुन्हा तेच करा. लाल, काळा, गडद निळा आणि जांभळा एकही सोडू नका. आतले थर काठाजवळ थोडेसे दिसतात, तिथेही रुमाल लावा. माझं धोतर आतूनच रंगलं होतं.

रुमालाला फिका डाग आला तर गार पाणी, कमी वेळ, आणि भिजवणं पूर्ण रद्द. चांगला रंग उतरला तर ती गोधडी घरी धुऊच नका, ऊन द्या आणि वर धुता येईल अशी खोळ घाला.

"मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्यात बुडवली की रंग पक्का होतो" हे मीही करून पाहिलं. कारखान्यातून रंगून आलेल्या सुती साडीचा सुटणारा रंग त्याने बसत नाही.

४. डाग आधी, गोधडी नंतर

सगळी गोधडी भिजवण्याआधी डाग वेगळे काढा. मुलांच्या लघवीचे आणि रक्ताचे डाग फक्त गार पाण्याने. गरम पाण्याने रक्त कापडात घट्ट बसतं. लघवीचा वास जात नसेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी त्या जागी लावून अर्धा तास ठेवा आणि धुवा.

तेलाच्या डागावर बेसन किंवा टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, झटका, मग भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटाने चोळा.

हळदीचा डाग साबण लागताच लालभडक होतो आणि आपण घाबरून अजून घासत बसतो. घाबरू नका. हळदीचा रंग साबणाच्या क्षाराने लाल दिसतो, धुतल्यावर परत पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा ऊन काढतं. डागाची बाजू उन्हाकडे ठेवून वाळवा, दोन-तीन वेळा धुण्यात तो विरतो.

गंजाच्या डागावर लिंबाचा रस आणि मीठ, पण फक्त पांढऱ्या किंवा रंग पक्का असलेल्या कापडावर.

सावध: व्हिनेगर किंवा लिंबू आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. तसंही गोधडीला ब्लीच नकोच. ते थरांत अडकतं आणि जुनं सूत कुजवतं.

५. भिजवणं: घड्याळ लावून

टबात आधी पाणी, मग डिटर्जंट, ते हाताने पूर्ण मिसळलं की मगच गोधडी. उलट क्रमाने केलं तर डिटर्जंट एकाच जागी बसतं. तीस लिटर पाण्याला द्रव डिटर्जंटचे दोन मोठे चमचे पुरतात. पावडर वापरायची तर आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या. न विरघळलेले कण थरांत अडकले की गोधडी वाळल्यावर कडक होते, अंगाला खाज सुटते. बोअरच्या जड पाण्यात कपड्याच्या वडीचा साबण टाळा, त्याचा पांढरट साका धाग्यांवर बसतो.

रिठा वापरणाऱ्यांनी वीस-पंचवीस रिठे बिया काढून रात्रभर भिजवावेत, सकाळी उकळून गाळून ते पाणी घ्यावं. रंगीत गोधडीला ते छान. पांढऱ्या कापडावर तपकिरी झाक राहू शकते, म्हणून जास्त विसळा.

गोधडी कोंबू नका. नागमोडी घडी करत, हाताने दाबून हवा काढत पाण्याखाली न्या. पाणी गार. वेळ वीस ते तीस मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं तर मळ जास्त निघत नाही, सुटलेला मळ आणि रंग परत थरांत शिरतो.

६. तुडवा, बडवू नका

धोपाटण्याने धुतलेली गोधडी स्वच्छ निघते, एवढं खरं. पण दगड आणि लाकूड यांच्यामध्ये धावदोरा चिरडतो, आणि तो त्याच दिवशी तुटला नाही तरी पुढच्या धुण्याला तुटतो. ब्रशही नको.

पाय स्वच्छ धुऊन टबात उभे राहा, भिंतीला किंवा नळाला धरा आणि पाच-सात मिनिटं तुडवा. मोरीची फरशी निसरडी होते, म्हणून टबाखाली गोणपाट घाला. मग गोधडी उलटा, पुन्हा तेवढंच. जास्त मळकट असते ती डोक्याकडची आणि पायाकडची बाजू. तिथे दोन तळहातांत धरून दाबा-सोडा करा.

मशीनचं काय? सात किलोच्या मशीनमध्ये तीन किलोची गोधडी बसेल असं कागदावर वाटतं. प्रश्न वजनाचा नसून जागेचा आहे. कोरडी गोधडी घातल्यावर वर निदान एक वीत मोकळी हवी. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये तळाची चकती गोधडीला पीळ घालते आणि टाके तोडते, तिथे हातशिलाईची गोधडी घालूच नका. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये नवी, भक्कम गोधडी चालेल: मोठ्या खोळीत घालून तोंड शिवायचं, नाजूक कपड्यांचं चक्र, गार पाणी, विसळणं एकदा जास्त, आणि पिळण्याचा वेग सगळ्यात कमी.

७. विसळणं: तीनदा, आणि मग एकदा तपासून

मळकं पाणी आधी टबातून पूर्ण जाऊ द्या, गोधडी तशीच ठेवून वरून दाबा, मगच नवीन पाणी भरा. पाणी भरण्यासाठी ओली गोधडी बाहेर काढून पुन्हा टाकायची गरज नाही. तेवढी उचलाउचल वाचली की तेवढे टाके वाचतात.

तपासा: तिसऱ्या पाण्यानंतर गोधडीच्या मधोमध, काठाला नव्हे, सगळे थर मुठीत धरून दाबा. आलेलं पाणी स्टीलच्या पेल्यात घेऊन हलवा. फेस आला तर अजून एक पाणी. काठाशी फेस नसतो म्हणून बरेच जण फसतात.

कंडिशनर नको, त्याने सुती कापड पाणी आणि घाम कमी शोषतं. खळ तर अजिबात नको, खळीवर कसर येते.

८. निथळणं आणि उचलणं

माझी सहा थरांची एकेरी गोधडी कोरडी २ किलो ३०० ग्रॅम भरते. टबातून काढून थोडी निथळल्यावर काट्याने ७ किलोच्या पुढे दाखवलं. हे सगळं वजन तुम्ही एका काठाला धरून उचलता तेव्हा काठाचा दोरा ते तोलत असतो.

म्हणून टब तिरका करून पाणी जाऊ द्या. टबातच गोधडी दाबून अर्धा तास ठेवा. मग दोघांनी हात तिच्याखाली घालून, बाळाला उचलतात तशी, उचला आणि बाजेवर किंवा उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटवर आणखी तासभर निथळत ठेवा. एकटे असाल तर खाली चादर सरकवा आणि चादरीसकट उचला. पीळ मारू नका. घाई असेल तर कोरड्या चादरीवर पसरून दोन्ही मिळून वळकटी करा आणि वळकटीवर गुडघ्याने दाब द्या. बरंचसं पाणी चादर घेते.

९. वाळवणं

एका दोरीवर गोधडी टाकली की मधोमध खोल रेघ पडते आणि अर्धं वजन एकीकडे लोंबतं. वीतभर अंतरावर दोन किंवा तीन दोऱ्या बांधा आणि गोधडी सगळ्यांवरून पसरा, म्हणजे वजन वाटलं जातं आणि मधून वारा फिरतो. बाज सगळ्यात उत्तम, खालूनही हवा लागते. गच्चीवर अंथरायची असेल तर खाली चटई आणि चादर. चिमटे लावू नका, त्यांचा ताण एका जागी येतो.

बाल्कनीत वाळवणाऱ्यांनी दोन खुर्च्यांच्या पाठी समोरासमोर ठेवून त्यावर पसरावी, आणि रात्री पंखा चालू ठेवावा.

चांगली बाजू आत, अस्तर वर. गडद रंग उन्हात उडतो. दर दीड-दोन तासांनी उलटा, आणि दोरीवरची जागाही बदला. एप्रिलमध्ये एका दिवसात वाळते, डिसेंबरात दोन दिवस धरा. संध्याकाळी दव पडायच्या आधी आत घ्या, पण घडी घालू नका, पलंगावर पसरून ठेवा.

आता त्या ब्लँकेटवाल्या गोधडीचं. बाहेरची सिंथेटिक साडी तासाभरात कोरडीठाक होते, आतलं ब्लँकेट दुसऱ्या दिवशीही ओलं असतं. हात फिरवून काहीच कळत नाही. अशा गोधडीला सरळ दोन दिवसांचं ऊन धरा.

तपासा: वाळली असं वाटल्यावर जाड भागाचा कोपरा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड आवळून अर्धा तास उन्हात ठेवा. पिशवीला आतून बाष्प धरलं तर गोधडी अजून ओली आहे. दुसरी खूण: आतली बाजू गालाला लावा. गार लागली तर ओल आहे. मात्र हे गोधडी अर्धा तास सावलीत ठेवल्यावरच करा, उन्हातून काढलेली सगळीकडे गरमच लागते.

काही बिघडलं तर: रंग दुसऱ्या कापडावर चढलेला दिसला तर वाळू देऊ नका. लगेच गार पाणी आणि डिटर्जंट घेऊन पुन्हा धुवा, वाळलेला रंग क्वचितच निघतो. कुबट वास आला तर अत्तर-फवारा मारून झाकू नका. पाऊण कप पांढरं व्हिनेगर टबभर पाण्यात घालून पंधरा मिनिटं बुडवा, साध्या पाण्यातून काढा आणि या वेळी खरंच वाळवा. काळे बुरशीचे ठिपके पडले असतील तर वास जाईल, ठिपके बहुधा राहतील.

१०. ठेवणं

उन्हातून काढल्यावर तासभर सावलीत गार होऊ द्या, मग घडी. प्लास्टिकच्या पिशवीत नको. जुन्या सुती साडीत किंवा उशीच्या मोठ्या अभ्र्यात बांधा. लोखंडी पेटीत ठेवायची असेल तर तळाला आणि बाजूंना जाड कापड लावा, नाहीतर पावसाळ्यात गंजाची रेघ उमटते. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळवून पुरचुंडीत घालावा, हिरवा टाकला तर त्याचाच ओलावा लागतो.

सावध: बाळाच्या गोधडीत डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांतल्या नाफ्थालीनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. आधी ठेवल्या असतील तर ती गोधडी धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाला घ्या.

दर तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून दुसऱ्या रेघेवर घाला, त्याच घडीवर कापड विरतं. रोजच्या गोधडीला महिन्यातून दोनदा ऊन दिलं तर वर्षातून दोन-तीन धुणी पुरतात.

मी प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला, अस्तराच्या बाजूने, पांढऱ्या कापडाचा बोटभर तुकडा टाचून त्यावर न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवते. आजीच्या गोधडीवर आहे: "लाल सुटतो. भिजवायची नाही. डावा वरचा कोपरा मागच्या वेळी शिवला."